डेल्टाचे कर्ते डॅन डेव्हिसन यांना आभाराचं पत्र

श्री. डॅन डेव्हिसन यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, पण तुम्ही रस्ट या भाषेत लिहिलेला डेल्टा, म्हणजे कोडमधले बदल रंगवून दाखवणारा प्रोग्राम, माझ्या टर्मिनलवर रोज चालतो. हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय. माझ्यासारखी अडचण असलेले प्रोग्रामर आमच्याकडेही आहेत आणि तुमच्या कामाबद्दल त्यांना कळायला हवं.

मला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. जन्मापासूनच. रंगांधळेपणा तपासायच्या इशिहाराच्या ठिपक्यांच्या तक्त्यांमधले बरेच आकडे मला दिसतच नाहीत. एरवी यामुळे फारसं अडत नाही. सिग्नलचा वरचा दिवा कुठला आणि खालचा कुठला हे पाठ असतं. पण डिफ, म्हणजे कोडमध्ये काय काढलं आणि काय घातलं याची यादी, वाचणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे आणि तिथे काढलेली ओळ लाल, घातलेली हिरवी हा रिवाज पक्का. काळ्या पडद्यावर हे दोन्ही रंग मला एकाच मळकट छटेचे दिसतात. मग प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचं अधिक-उणे चिन्ह बघत पुढे सरकायचं. छोट्या कमिटला (बदलांच्या एका नोंदीला) हे चालून जातं, मोठ्या रिफॅक्टरिंगमध्ये (कोडच्या फेरमांडणीत) मात्र डोक्याचा भुगा होतो.

रंग बदलायची सोय कोडचे बदल सांभाळणाऱ्या गिटमध्येही आहे, नाही असं नाही. पण तिथे सगळी ओळ एकाच रंगात येते. चल (व्हेरिएबल) कुठलं, स्ट्रिंग कुठली, कॉमेंट कुठली, सगळं सपाट. डेल्टात तुम्ही ओळ काढली की घातली हे सांगायचं काम पार्श्वभूमीवर सोपवलंत आणि अक्षरांचा रंग सिंटॅक्ससाठी, म्हणजे कोडचे हे घटक वेगळे दाखवायला, मोकळा ठेवलात. माझ्या मते डेल्टाचं खरं मोठेपण इथे आहे. एकाच रंगाच्या डोक्यावर दोन कामं असली की दोन्ही अर्धवट होतात.

मूळ सेटिंगमध्ये गडद लाल आणि गडद हिरवी पार्श्वभूमी येते, म्हणजे माझं कोडं तसंच राहिलं असतं. ते सुटलं तुमच्या स्टाइलच्या पर्यायांमुळे. आज माझ्या गिटच्या कॉन्फिग फाइलमध्ये मायनस-स्टाइलपुढे सिंटॅक्स "#442200" असं आहे आणि प्लस-स्टाइलपुढे सिंटॅक्स "#002244". आधी अक्षरांचा रंग, मग पार्श्वभूमीचा, एवढंच व्याकरण. पहिल्या जागी रंगाऐवजी नुसतं सिंटॅक्स लिहिलं की अक्षरं त्या त्या भाषेच्या थीमनुसार रंगतात. काढलेल्या ओळींना एरवी सिंटॅक्सचे रंग मिळत नाहीत, साधीच अक्षरं येतात. मला ते रंग हवे होते, या एका शब्दाने मिळाले. (कोणी हे करून बघणार असेल तर रंगाच्या आकड्याभोवतीची अवतरणचिन्हं विसरू नका. गिटच्या कॉन्फिगमध्ये # नंतरचा मजकूर कॉमेंट धरला जातो.) आता काढलेली ओळ तपकिरी, घातलेली निळी. निळ्यात आणि तपकिरीत माझी कधीच गल्लत होत नाही.

ओळीत नेमका जो तुकडा बदललाय त्याला वेगळी स्टाइल देता येते, तिथे मी त्याच दोन रंगांच्या उजळ छटा ठेवल्यात, "#884400" आणि "#004488". अधिक-उणे चिन्हं डेल्टा एरवी लपवतो, पण ज्याला हवी त्याला ती परत आणायचा पर्यायही तुम्ही दिलात. रंगावर अजिबात भरवसा ठेवता येत नाही अशा माणसासाठी तो फार मोलाचा आहे.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचेत, ती कदाचित तुमच्या ध्यानीमनीही नसेल. आमच्या ॲपमधल्या मराठी मजकुराच्या फाइल्स मीच तपासतो. परवा एका बदलात ‘ग्राहकाचा पत्ता’ याचं ‘ग्राहकांचा पत्ता’ झालं होतं. फरक एका अनुस्वाराचा. काही साधनं ओळीची सुरुवात आणि शेवट जिथवर जुळतात तेवढं सोडून मधला भाग रंगवतात. त्या हिशेबाने इथे नुसता तो टिंब रंगला असता आणि माझ्या नजरेतून सुटला असता. शिवाय ओळीत दोन टोकांना दोन बदल असले की मधला न बदललेला मजकूरही रंगून जातो. तुमचा डेल्टा लेव्हनश्टाइन पद्धतीने, म्हणजे कमीत कमी बदल मोजून, दोन ओळी शब्दाशब्दाने जुळवतो आणि ज्या नियमाने तो शब्द ओळखतो त्यात रस्टच्या कृपेने आमच्या मात्रा आणि अनुस्वारही बसतात. त्यामुळे ‘ग्राहकांचा’ हा अख्खा शब्द उजळला, ‘पत्ता’ होता तसा राहिला. देवनागरी तुकड्यात फुटली नाही.

दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (नेटवर्कवरून) गेलो की कधी कधी छटा बदलायच्या, कारण टर्मिनल 24-बिट रंग दाखवतं की नाही हे तिकडे कळत नाही आणि डेल्टा 256 रंगांतला जवळचा रंग निवडतो. ट्रू-कलर पर्यायाला ऑलवेज म्हटलं आणि माझे निळे-तपकिरी तिथेही जसेच्या तसे आले. तुकड्या-तुकड्याने बदल स्टेज करताना (पुढच्या कमिटसाठी निवडताना) गिटला एका ओळीस एकच ओळ परत हवी असते, त्यासाठी कलर-ओन्ली हा पर्याय आहेच. या बारीकसारीक जागा कोणीतरी बसून विचार केल्याशिवाय भरत नाहीत.

तुमच्याबरोबर ज्या ज्या लोकांनी थीम पाठवल्या त्यांचेही आभार. पक्ष्या-प्राण्यांची नावं दिलेल्या त्या थीम बघत एक अख्खी संध्याकाळ मजेत गेली. आमच्या टीममधल्या आणखी एकाला माझ्यासारखाच त्रास आहे, हे मी त्याला माझी सेटिंग दाखवल्यावर कळलं. तोवर तो कोणाला बोललाच नव्हता. रंगांचा हा गट मी डेल्टाच्या फीचरसारखा वेगळं नाव देऊन ठेवलाय, आता तोही तोच वापरतो.

मनापासून धन्यवाद.

आपला,
पुण्यातला एक प्रोग्रामर