न्युरेंबर्गचा वाडा आणि आपला वाडा

न्युरेंबर्ग (जर्मनी), रविवार

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, बिल्डरशी बोलणं पक्कं झालं, दिवाळीनंतर वाडा उतरवायचा. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. आज सुट्टी होती, म्हणून किल्ल्याच्या चढावरचं फेम्बो हाउस पाहून आलो आणि लगेच लिहायला बसलो.

नेदरलँड्सकडून आलेल्या फिलिप फान ऑयर्ल या व्यापाऱ्याने १५९१ ते १५९६ या काळात हा दगडी वाडा बांधवला. अगदी शेंड्यावर भाग्यदेवता उभी आहे. पुढे इथे होमान घराण्याच्या वारसांचा नकाशे छापायचा उद्योग चाले. याच मंडळींनी १७३३ साली आपल्या दक्षिणेकडच्या मुलखाचा नकाशा काढला. तेव्हा शनिवारवाड्याची वास्तुशांत होऊन जेमतेम वर्ष उलटलं होतं! नंतर फेम्बो नावाचा नकाशांचा प्रकाशक मालक झाला, त्याचंच नाव टिकलं. १९२८ पासून वाडा नगरपालिकेकडे आहे.

२ जानेवारी १९४५ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात जुनं शहर बेचिराख झालं. हा वाडा वाचला. पण मार्टिन पेलर या दुसऱ्या व्यापाऱ्याचा, १६०२ ते १६०५ मध्ये बांधलेला, याहून देखणा वाडा त्यात गेला. त्याच्या बैठकीच्या खोलीचं नक्षीदार लाकूडकाम मात्र आधीच सोडवून सुरक्षित ठेवलं होतं. आज ती खोली फेम्बो हाउसमध्ये उभी आहे. घर गेलं, खोली राहिली. तिथून माझा पाय निघेना. लाकडाचा रंग थेट आपल्या माजघराच्या तुळयांसारखा, वर्षानुवर्षं तेल प्यालेला.

आबा, वाडा पाडू नका असं मी म्हणणार नाही. गळकं छप्पर, आईचे गुडघे, सगळं ठाऊक आहे. पण दिवाणखान्याचे सागवानी खांब, महिरपी आणि देवघराची चौकट जुन्या बाजारात जाऊ देऊ नका. मिस्त्रींना आधी बोलवा. प्रत्येक तुकड्यावर रंगाने नंबर घालायला सांगा, जोड कसे आहेत त्याचे फोटो काढून ठेवा. मगच सोडवा. आत्याच्या कोठारात कोरड्या जागी, वाळवीचं औषध मारून ठेवता येईल. खर्च मी पाठवतो. नव्या फ्लॅटची एक खोली त्या मापाने करून घेऊ, बिल्डरशी मी बोलेन.

आणि देवघराच्या चौकटीवर आजीने आमच्या उंचीच्या रेघा ओढल्यात, त्या बाजूला रंधा लावू देऊ नका.

आईस नमस्कार.

तुमचा,
धाकटा