दोन दिवसांत ‘प्रगत’ संगीतोपचारक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या ‘प्रगत संगीतोपचार प्रशिक्षणा’ची बातमी वाचली. शनिवार-रविवार असे दोन दिवस, शेवटी प्रमाणपत्र आणि वर चार कॉलमी दीपप्रज्वलन. फोटोत समई आहे, शाली आहेत, मान्यवर आहेत. विद्यार्थी एकही नाही आणि रुग्ण तर नाहीच नाही. आयोजकांचं अभिनंदन! ज्या विषयाची नुसती तोंडओळख व्हायला दोन दिवस पुरत नाहीत, त्यात आपल्याकडे माणसं दोन दिवसांत प्रगत होतात.

बातमीत गायक ओंकारनाथ ठाकुरांनी गाऊन मुसोलिनीला झोपवलं हा किस्सा असणारच, तसा तो होता. शेजारी ती नेहमीची चौकट: अमुक रागाने रक्तदाब उतरतो, तमुक रागाने पित्त शमतं. ही चौकट मी दिवाळी अंकांतून वर्षानुवर्षं वाचत आलोय. राग तेच असतात, आजार तेवढे बदलतात.

असल्याच एका प्रमाणपत्राची झळ माझ्या घराला लागली आहे म्हणून लिहितो. सौ.ला पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. समजतं सगळं, पण शब्द ओठांवर येत नाही. ओळखीतून एक ‘म्युझिक थेरपिस्ट’ मिळाले. गृहस्थांनी स्टुलावर ब्लूटूथ स्पीकर ठेवला आणि सकाळी अकरा वाजता दरबारी लावला. दरबारी हा रात्रीचा राग, तो सकाळी अकरा वाजता! रागांच्या वेळेवरही ज्याची श्रद्धा नाही, तो रागांनी बरं करायला निघालेला. मी डॉक्टरांची फाइल पुढे केली, तर म्हणाले, “त्याची गरज नाही काका, राग आपलं काम करतो.” थोड्या वेळाने हिच्या डोळ्यांना धार लागली. जुनं काही आठवलं, की आवाज सोसेना, की नुसताच संताप? जिला बोलता येत नाही तिच्याकडून हे काढून कसं घ्यायचं, ते शिकवायलाच तर प्रशिक्षण लागतं. हे म्हणाले, “निचरा होतोय, चांगलं लक्षण आहे,” आणि आवाज वाढवला. पैसे अर्थातच आगाऊ घेतले होते.

पुढे एक स्पीच थेरपिस्ट बाई यायला लागल्या. त्यांच्याजवळ ना तानपुरा ना स्पीकर. बोलताना अडणारी ही गणपतीची आरती मात्र शब्दांसकट म्हणते, हे त्यांनी आधी हेरलं. मग हिचा डावा हात आपल्या हातात धरून टेबलावर थाप द्यायला सुरुवात केली. ‘पाणी दे’. तीन अक्षरं, दोनच सूर, एक वरचा, एक खालचा, अक्षरागणिक एक थाप. आधी बाई एकट्या, मग दोघी मिळून, मग बाई अर्ध्यात थांबायच्या आणि ‘दे’ हिने म्हणायचं. हे जमलं की सूर हळूहळू काढून घ्यायचा, म्हणजे मागे साधं बोलणं उरतं. बोस्टनच्या डॉक्टरांनी ही पद्धत १९७३ साली मांडली. सगळ्यांनाच ती लागू पडत नाही, हेही बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. फरक मला तिथेच कळला.

परदेशाचे गोडवे गायला हे पत्र नाही, पण तिकडे ‘प्रगत’ कशाला म्हणतात ते तरी बघा. अमेरिकेत नुसता संगीतोपचारक व्हायला देखरेखीखाली १२०० तासांचं प्रत्यक्ष काम लागतं. प्रगत पद्धती त्याच्या पुढच्या. नॉर्डॉफ-रॉबिन्स पद्धतीत विद्यार्थी उपचारासाठी आलेल्या मुलाबरोबर वाजवतो, त्याचं रेकॉर्डिंग होतं आणि नंतर ते मिनिटामिनिटाने ऐकून, मूल कुठे दचकलं, कुठे सामील झालं, हे लिहून काढावं लागतं. हेलन बॉनी यांच्या पद्धतीत रुग्ण संगीत ऐकता ऐकता मनात उमटणारी चित्रं सांगत जातो. ती शिकणाऱ्याला आधी स्वतः रुग्णाच्या जागी आडवं व्हावं लागतं. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय ‘म्युझिक थेरपिस्ट’ म्हणवून घेणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे व्हिजिटिंग कार्ड छापलं की झालं.

आयोजक म्हणतील, बाहेरही थोड्या दिवसांचे कोर्स असतात. असतात की! पण ते आधीच शिकून रुग्णांत वावरलेल्यांसाठी. आणि इतकं लांब तरी कशाला? पुदुच्चेरीत वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात हा विषय शिकवतात. आपल्याकडच्या विशारद झालेल्या पोरांना हे जमणार नाही असंही नाही. उलट चांगल्या साथीदाराला यातलं अर्धं आधीच येतं: समोरचा अडखळला तर थांबायचं, त्याच्या लयीत शिरायचं, पुढे पळायचं नाही. पार्किन्सनच्या रुग्णाला चालायला शिकवताना आधी त्याची मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजतात, त्याच लयीचा ठोका देतात आणि मग जरा जरा वाढवतात. तबल्याच्या विद्यार्थ्याला रुग्णालयात नेऊन हे शिकवा ना. सभागृहात बसवून रागांचा तक्ता कसला पाठ करून घेता?

लयीचा विषय निघालाच आहे, तर गेल्या महिन्यात मी ढोल-ताशा पथकांच्या सरावावर लिहिलेल्या पत्राचं काय झालं, तेही कळवावं. रोज संध्याकाळी नदीपात्रातून तो दणदणाट सुरू होतो, आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात आणि नेमका तेव्हाच हिच्या बोलण्याच्या सरावाला बसावं लागतं. ‘पाणी’ म्हणेपर्यंत ठीक, ‘दे’ ऐकूच येत नाही. उद्या यालाही कुणी सामूहिक संगीतोपचार म्हणेल, आणि आपण चार कॉलम द्याल.

एक विनंती आहे. यापुढे अशी बातमी छापताना शिकवणाऱ्यांनी स्वतः कुठे, किती दिवस आणि कोणत्या रुग्णांबरोबर काम केलं, एवढी एक ओळ आयोजकांकडून मागून घ्यावी. मिळाली नाही, तर तेही छापावं. जागेअभावी पत्र कापायचंच झालं, तर ढोल-ताशाचा परिच्छेद कापा, ही विनंती कापू नका.

— आपला एक जुना वर्गणीदार, पुणे ३०