नऊचे सात झाले, पुढे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत गर्भाशयातल्या फायब्रॉईडच्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठींवरच्या नळीच्या उपचाराचा लेख वाचला. चिरा नाही, टाका नाही, सकाळी दवाखान्यात आणि दुसऱ्या दिवशी घरी, एवढ्यावर तो संपला. याच उपचारातून मी दहा वर्षांपूर्वी गेले आहे, म्हणून लेख जिथं थांबला तिथून पुढचं कळवते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. एक्केचाळिसाव्या वर्षी माझी पाळी दहा-दहा दिवस चालायची आणि रक्ताच्या गुठळ्या पडायच्या. खुर्चीला डाग लागेल या धास्तीनं सगळे तास उभ्यानंच घ्यायचे. हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. सोनोग्राफीत नऊ सेंटिमीटरची गाठ दिसली आणि पहिल्याच दवाखान्यात, रिपोर्ट पुरता उलगडायच्या आत, सल्ला मिळाला, "पिशवी काढून टाका, कटकट मिटंल." सासूबाईंचंही तेच म्हणणं होतं. माझा भाऊ पुण्याला असतो, त्यानं चौकशी केली म्हणून एम्बोलायझेशन हे या नळीच्या उपचाराचं नाव कानावर तरी पडलं.

हा उपचार पॅरिसच्या डॉक्टरांनी 1995 मध्ये पहिल्यांदा जगापुढे मांडला. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी घालतात, ती गर्भाशयाच्या दोन्ही धमन्यांपर्यंत नेतात आणि वाळूच्या कणांसारखे सूक्ष्म कण सोडून गाठीचा रक्तपुरवठा अडवतात. बारं दिलेल्या वाफ्याचं पाणी मध्येच तोडावं, तसंच म्हणा. गर्भाशयाला आजूबाजूनं रक्त मिळत राहतं, गाठ मात्र वाळत जाते. कागदावर सोपं वाटतं. पण पहिल्या रात्रीच्या कळांपुढे मला माझी दोन्ही बाळंतपणं बरी वाटली. सलाईनमधून दुखण्याचं औषध चालू असूनही मी पलंगाचा गज धरून पडले होते. पुढे चार दिवस ताप आणि मळमळ. लेखात हे एका ओळीनंही आलं असतं तरी चाललं असतं. सांगितलं नसलं की बाई घाबरते, काहीतरी चुकलं असं समजून भलत्याच दवाखान्यात जाते.

सहा महिन्यांनी सोनोग्राफीत गाठ सात सेंटिमीटर आली. नऊचे फक्त सात! मी हिरमुसले. एवढा खर्च, एवढ्या कळा, आणि दोन सेंटिमीटर? घरी येऊन वही काढली. गोलाचं घनफळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात बदलतं, हे मी दरवर्षी पोरांना शिकवते. नऊचा घन 729, सातचा 343. म्हणजे गाठ निम्म्याहूनही कमी उरली होती. रक्तस्रावही आटोक्यात आला होता. रिपोर्टवर सेंटिमीटर लिहितात, घनफळाचं कुणी बोलत नाही, त्यामुळं कितीजणी 'उपचार वाया गेला' असं धरून चालत असतील कोण जाणे.

आता मुद्द्याचं. सात वर्षं माझी छान गेली. आठव्या वर्षी पुन्हा अंगावर जास्त जायला लागलं. तपासलं तर तीन सेंटिमीटरची नवी गाठ. डॉक्टर म्हणाले, पाळी जायचं वय जवळ आलंय, लोहाच्या गोळ्या घ्या, थांबून बघू. थांबले. गेल्या वर्षी पाळी गेली, आणि पाळी गेली की या गाठी बहुधा आपोआपच आकसतात. म्हणजे माझा उपचार यशस्वी झाला का? पिशवी शाबूत आहे, म्हणून हो. पण त्यात नळीच्या उपचाराचा वाटा किती आणि माझ्या वयाचा किती, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

या उपचारानं पिशवी खरंच वाचते का, या प्रश्नावर नेदरलँड्समध्ये 177 बायकांचा अभ्यास झाला. काहींचं एम्बोलायझेशन केलं, काहींची पिशवी काढली, कुणाला काय हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं, आणि दोन्ही गटांचा दहा वर्षं मागोवा घेतला. एम्बोलायझेशन झालेल्यांपैकी साधारण 35 टक्के बायकांना पुढे पिशवी काढावीच लागली. त्यातल्या बहुतेकींना पहिल्या दोन वर्षांतच, म्हणजे एम्बोलायझेशन झालेल्या एकूण बायकांपैकी सुमारे 24 टक्क्यांना. पाच वर्षांपर्यंत हा आकडा 28 वर गेला आणि नंतर तो हळूहळूच वाढला. उरलेल्या दोन-तृतीयांश जणींची पिशवी वाचली, आणि दहा वर्षांनंतर दोन्ही गटांतल्या बायकांच्या तब्येतीत आणि रोजच्या जगण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. ब्रिटनमधल्या एका चाचणीतही एम्बोलायझेशननंतर पाच वर्षांत सुमारे तिघींत एकीला पुन्हा काही ना काही उपचार घ्यावा लागला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण शंभरात चारच होतं. तिथंच 2020 मध्ये 254 बायकांवरची आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत, पिशवी ठेवून फक्त गाठ काढणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी बायकांना एम्बोलायझेशन झालेल्यांपेक्षा थोडं जास्त बरं वाटत होतं.

हे आकडे वाचून कुणी घाबरू नये आणि कुणी हुरळूही नये. मात्र वय बघितल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. एक्केचाळिशीत मला पाळी जाईपर्यंत नऊ-दहा वर्षंच काढायची होती. तिशीतल्या बाईला वीस वर्षं काढायची असतात, तेवढ्यात गाठ परत यायला भरपूर वेळ मिळतो. तिला अजून मूल हवं असेल तर डॉक्टर सहसा एम्बोलायझेशनऐवजी दुर्बिणीनं किंवा पोट उघडून गाठ काढणं सुचवतात. आणि पिशवी काढणं कधीच योग्य नसतं असंही नाही. माझ्या एका सहकारी बाईंनी सगळं समजून-उमजून काढून घेतली, त्या आज समाधानी आहेत. सगळं वजन त्या 'समजून-उमजून'वर आहे.

कारण आपला जिल्हा बीड आहे. तीन वर्षांत 99 खासगी दवाखान्यांत 4,605 पिशव्या काढल्याचं 2019 मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. भागाकार करून पाहा, जवळजवळ सहांत एक. देशभरात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. या सगळ्यांना फायब्रॉईड होते असं नाही. कुणाला पांढरं जात होतं, कुणाला कॅन्सरची भीती घातली, कुणाला पाळीमुळं होणारा खाडा परवडत नव्हता.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाते. सव्विसाव्या वर्षी पिशवी काढली, आता बत्तीस. पालकसभेला आली तेव्हा ऐन थंडीत पदरानं वारा घेत होती. कंबर धरून बसली. मी विचारलं, अंडाशय ठेवलेत का तेही काढलेत? ती म्हणाली, "काय की बाई. कागद मुकादमाकडंच ऱ्हायले. उचल त्यानंच दिल्ती ना ऑपरेशनला." अंडाशय काढले असतील तर पाळी जायच्या वयातले शरीरातले बदल तिला सव्विसाव्या वर्षीच सुरू झाले, आणि पन्नाशीनंतर ठिसूळ व्हायची हाडं आधीच ठिसूळ व्हायला लागली. नुसती पिशवी काढली तरी पाळी जाण्याची लक्षणं काही वर्षं आधी सुरू होऊ शकतात. तिच्यावर उपचार करणाऱ्यानं यातलं काही तपासायचं तर आधी काय काढलंय तेच माहीत नाही.

त्या गदारोळानंतर आपल्या जिल्ह्यात पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. चांगलं झालं. पण ती परवानगी ऑपरेशनच्या आधीची. ऑपरेशननंतर पाच वर्षांनी अशा बाईच्या दारात कुणी गेल्याचं निदान माझ्या पाहण्यात नाही. तेच आता नळीच्या आणि दुर्बिणीच्या नव्या उपचारांचंही होईल असं मला दिसतंय, कारण जाहिरातीत फक्त 'दुसऱ्या दिवशी घरी' असतं.

म्हणून दोन विनंत्या. दवाखान्यांना ही की उपचार कोणताही असो, काय काढलं, काय ठेवलं, गाठ किती होती, हे मराठीत लिहिलेला कागद बाईच्या हातात द्यावा, मुकादमाच्या नाही. आणि आपल्याला ही की पुढच्या लेखासाठी काल घरी गेलेल्या बाईऐवजी दहा वर्षांपूर्वी घरी गेलेल्या चार-पाच जणींशी बोलावं. माझी फाईल जपून ठेवली आहे, सगळ्या सोनोग्राफ्या तारीखवार लावलेल्या आहेत. आपला प्रतिनिधी आला तर दाखवीन, शनिवारी शाळा सकाळची असते.

आपली,
एक शिक्षिका,
अंबाजोगाई, जि. बीड