'रेड लेटर डे' म्हणजे नुसता अविस्मरणीय दिवस नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकात स्पर्धा परीक्षांच्या पानावर 'रेड' या शब्दावरून झालेले इंग्रजी जोडशब्द आणि वाक्प्रचार मराठी अर्थांसह चौकटीत छापले आहेत. त्याच दिवशी लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात काही वेडेवाकडे लिहिले जाऊ नये म्हणून एक दिवस थांबले. राग काही गेला नाही. त्याला कारण त्या चौकटीतली तिसरी ओळ : 'रेड लेटर डे - अविस्मरणीय दिवस'.

हाच अर्थ, याच शब्दांत, मी १९९४ साली एका गाइडमध्ये वाचला होता. तेव्हा मी तालुक्याच्या गावी दहावीला इंग्रजी शिकवत होते. पूर्वपरीक्षेत आयुष्यातल्या न विसरता येणाऱ्या दिवसावर निबंध होता. एका मुलीने पहिलेच वाक्य लिहिले होते, 'ट्वेल्थ जुलै वॉज अ रेड लेटर डे इन माय लाइफ.' आणि पुढचे, 'माय फादर एक्सपायर्ड ऑन दॅट डे.' मी लाल पेनाने खाली दोन रेघा ओढल्या, समासात 'चूक' लिहिले आणि दोन गुण कापले. पेपर वाटल्यावर ती टेबलाशी आली ती गाइड घेऊनच. वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले, पानाचा कोपरा दुमडलेला, त्या शब्दाखाली पेन्सिलची रेघ. म्हणाली, "बाई, यात अविस्मरणीय दिवस असंच दिलंय. तो दिवस मी कशी विसरू?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पोरीचे काही चुकले नव्हते. तिने छापलेला अर्थ पाठ केला होता आणि आपल्या आयुष्यातला त्या अर्थाला बसणारा दिवस शोधला होता. वर्षभर मीही वर्गात तोच अर्थ फळ्यावर लिहून दिला होता. गुण परत दिले, पण ते 'चूक' त्या पेपरावर तसेच राहिले.

म्हणून सांगते, हा अर्थ अर्धा आहे. वाईट बातमीचा दिवसही अविस्मरणीय असतोच. 'रेड लेटर डे' मात्र आनंदाचा, मानाचा दिवस. जुन्या काळी चर्चच्या पंचांगात संतांचे दिवस आणि सण लाल शाईने लिहीत, पुढे छापत. शब्द तिथून आला. इंग्लंडमधल्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आजही ठरावीक 'रेड लेटर डे'ला लाल झगा घालून बसतात. हे परके वाटायचे काही कारण नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात भिंतीवर कॅलेंडर आहे आणि त्यात दिवाळी-पाडवा लालच छापलेला असतो. त्या लाल आकड्याकडे बोट दाखवले की पोराला शब्द जन्मभर पुरतो. मराठीत एकच प्रतिशब्द हवा असेल तर 'सोन्याचा दिवस' आहे की! चौकटीत तेवढीच जागा लागली असती.

'रेड हेरिंग'पुढे 'दिशाभूल करणारी गोष्ट' असे दिले आहे. ते बरोबर आहे, पण शेजारी लालभडक मासा काढला आहे. हेरिंग मासा समुद्रात असा लाल नसतो. हेरिंग खूप मीठ लावून, धुरी देऊन टिकवला की तांबूस होतो आणि त्याला उग्र वास येतो. ज्याच्या घरी सुके बोंबील भाजले जातात त्याला तो वास किती लांब जातो हे सांगावे लागणार नाही. विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने १८०७ मध्ये गोष्ट लिहिली, की लहानपणी आपण सशाच्या मागावरची कुत्री असा मासा ओढत नेऊन भलत्याच वाटेला लावली. ही गोष्ट त्याने लिहिली ती नेपोलियनच्या पराभवाच्या खोट्या बातमीमागे धावलेल्या वर्तमानपत्रांना उद्देशून. हे आपल्या पानावर आले असते तर वाचकांना किती आवडले असते!

शिवाय आता गावोगावची मुले मोबाइलवर आयपीओला, म्हणजे कंपनीच्या पहिल्या समभागविक्रीला, अर्ज करतात. तिथे 'रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस' असतो. माझ्या भाच्याने परवाच विचारले, "मावशी, कंपनी दिशाभूल करतेय असं ती स्वतःच कशी लिहील?" कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ३२ प्रमाणे त्याचा अर्थ एवढाच, की समभागांची किंमत किंवा संख्या यांचा पूर्ण तपशील ज्यात अजून भरलेला नाही असे माहितीपत्रक. मुखपृष्ठावर लाल शाईत सूचना छापायची पद्धत अमेरिकेत होती, त्यावरून हे नाव पडले. तुमची चौकट पाठ केलेल्या मुलाने इथे काय समजायचे? शब्द तोच, ठिकाण बदलले की अर्थ बदलतो, एवढी एक ओळ तरी हवी होती.

'रेड टेप'बद्दल तक्रार नाही. लालफीत आपल्याकडेही कागदांच्या गठ्ठ्यांना बांधलेली होती, म्हणून शब्द सहज रुजला.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच अंकात तिसऱ्या पानावर मथळा आहे, 'लाच घेताना रेडहँड पकडले'. 'रंगेहाथ' हा शब्द कुठे गेला? स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यात 'रेड हँड' म्हणजे ज्याच्या हाताला खुनाचे रक्त अजून ओले आहे असा माणूस. लाचेच्या सापळ्यात रक्त नसते, पण रंग खरोखरच असतो. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी पूड लावलेली असते. नोटा घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होते आणि ते पाणी बाटलीत भरून पुरावा म्हणून ठेवतात. इतका नेमका बसणारा शब्द हाताशी असताना मराठी वर्तमानपत्राने 'रेडहँड' लिहावे, याचे वाईट वाटते.

मुले ही चौकट कात्रीने कापून वहीत चिकटवतात. माझ्याकडे सकाळी शिकायला येणाऱ्या चौघांच्या वह्यांत ती आजच दिसली. चौघांनाही मी 'अविस्मरणीय' खोडून वर 'सोन्याचा' लिहायला लावले. बाकीच्या गावांतल्या मुलांसाठी आपण दुरुस्ती छापावी, आणि तेवढ्याच मोठ्या टायपात छापावी.

पुढच्या आठवड्यात 'ब्लॅक'चे शब्द येणार असे खाली लिहिले आहे. त्यात 'ब्लॅकमेल' असेलच. त्यातल्या 'मेल'चा टपालाशी काहीही संबंध नाही. स्कॉटलंडच्या सरहद्दीवर लुटारूंनी आपल्या वाटेला जाऊ नये म्हणून शेतकरी जो पैसा देत, तो हा 'मेल'. त्याला आपल्याकडे 'खंडणी' हा शब्द आहे. तो जरूर द्यावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वाई