आई-बाबा, या वेळी बॉयलर बदलूया

एडिंबरा, ऑगस्ट

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काल तुम्ही म्हणालात, "एक्स्चेंजर बदलला की आणखी दोन हिवाळे सहज निघतील." फोनवर वाद घालायचा नव्हता, म्हणून सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. या वेळी दुरुस्ती नको, थंडी पडायच्या आत घर तापवणारा हा गॅसचा बॉयलरच बदलूया.

आजवर तुम्ही दुरुस्त करत आलात ते योग्यच होतं. पंप गेला, व्हॉल्व्ह अडकला, थर्मोस्टॅट बिघडला. हे भाग मिळतात, बसवले की काम झालं. हीट एक्स्चेंजरचं तसं नाही. ज्वाळेची धग पाण्याला देणारा भागच तो. आपल्या मॉडेलचा नवा एक्स्चेंजर आता बनत नाही, कुणाच्या तरी काढलेल्या बॉयलरमधला बसवणार. त्यासाठी साडेचारशे पौंड मोजायचे आणि बाकीचं सगळं २००१ चंच राहणार.

पैशांपेक्षा मला दुसरीच काळजी आहे. एक्स्चेंजरच्या फटी काजळीने बुजल्या की गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस फ्लू समजून झोपून राहतो. निळी ज्वाळा पिवळी दिसली, भोवती काजळी धरली, तर बॉयलर बंद करून दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि गॅसच्या आणीबाणीच्या ०८०० १११ ९९९ या नंबरला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मी आजच मागवलाय. बॉयलरचं काहीही ठरो, तो लागलाच पाहिजे.

आई, तू गॅस वाचवायला थर्मोस्टॅट सोळावर ठेवून शाल गुंडाळून बसतेस, हे मला ठाऊक आहे. तुमच्या वयाच्या माणसांसाठी घरात निदान १८ अंश हवेत, असं इथलं आरोग्य खातंच सांगतं. २००५ पासून इंग्लंडमध्ये नवे बॉयलर बहुतेक कंडेन्सिंगच बसतात. आपल्या जुन्यात गॅसची जी उष्णता धुराबरोबर बाहेर जाते, तिचा बराचसा भाग हे परत घेतात. मात्र रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल, तरच. म्हणून नव्या बॉयलरवर रेडिएटर हाताला चटका देणार नाहीत, जास्त वेळ कोमट राहतील. "तापतच नाही" म्हणून लगेच आकडा वाढवू नका.

कोणी कॉम्बी, म्हणजे पाणी साठवून न ठेवता लागेल तसं तापवणारा बॉयलर सुचवेल, वरची टाकी काढून जागा होईल म्हणेल. मला ते पटत नाही. गरम पाणी साठवणारा सिलिंडर राहू दे. जानेवारीत बॉयलर बंद पडला, तर त्यातल्या विजेच्या इमर्शन हीटरवर अंघोळीपुरतं पाणी तरी मिळेल. कॉम्बी बंद पडला की गरम पाणीही गेलं.

बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणाऱ्या हीट पंपाचाही विचार केला. त्यासाठी सरकार साडेसात हजार पौंड देतं. पण आपले पाइप बारीक, रेडिएटर लहान; अर्धं घर उकरावं लागेल. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यात ही धूळ नको. हा निर्णय वाटतो तितका सोपा नाही, कारण एकदा गॅसचा बॉयलर घेतला की पुढची दहा-पंधरा वर्षं तोच. तरीही या वर्षी मी गॅसच घेईन.

दारावर आलेल्या कुणाच्याही कागदावर सही करू नका. निदान तिघांकडून लेखी अंदाज घेऊया. माणूस आला की गॅस सेफचं, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीचं, कार्ड मागा आणि उलटून बघा. कोणतं काम करायची परवानगी आहे, ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. जुन्या रेडिएटरमधला गाळ धुऊन काढणं आणि चुंबकाचा फिल्टर त्या किमतीत आहे का, हेही विचारा. गाळ तसाच राहिला तर नवा बॉयलरही लवकर खराब होतो.

एकूण अडीच-तीन हजारांच्या आसपास जाईल. निम्मे मी देणार. बाबा, त्याला नाही म्हणू नका. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय, तोवर दुरुस्तीवाल्याला होकार देऊ नका.

तुमचा,
मंदार