सहाव्या सीडीची गोष्ट

नागपूर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर विचारलंस, "बाबा, त्या सीड्यांचं एवढे दिवस काय करून राहिले तुम्ही?" फोनवर सांगायला लागलो की तू नुसती हो हो करतेस, म्हणून लिहूनच पाठवतो.

हे सगळं 2007 च्या तान्ह्या पोळ्याच्या डीव्हीडीसाठी. सकाळी पिवळ्या मारबतीची मिरवणूक, संध्याकाळी महालातल्या घरापुढे तू आणि तुझा लाकडी नंदी. तू सहा वर्षांची. आबांचा आवाज घरात फक्त त्या एका तासात आहे. शूटिंगवाल्याने मूळ टेप पुढच्या लग्नात वापरून टाकली, त्याबद्दल मी आता बोलत नाही. बोललो की आई चहा ठेवायला निघून जाते.

डीव्हीडी कडेकडून गेली. तिच्यावर डेटा आतून बाहेर लिहिलेला असतो, म्हणून पाऊण तास ठीक चालायची आणि मग नुसती गरगर.

2008 मध्ये मी त्या डिस्कची जशीच्या तशी एकच मोठी फाइल करून ठेवली होती, जवळपास 4,400 एमबीची. आपल्या कॉम्प्युटरला तेव्हा फक्त सीडी रायटर. मग 700 एमबीचे तुकडे पाडले, सात सीड्या झाल्या. असे दोन संच केले. एक आपल्याकडे, दुसरा वर्ध्याला मोठ्या बाबांकडे. शिवाय प्रत्येक तुकड्याचा एमडी5 वहीत उतरवला. ही 32 अक्षरांची खूण. फाइलमधला एक बाइट बदलला तरी ती वेगळीच येते. त्या वहीवर तू किती हसली होतीस!

आपला संच पत्र्याखालच्या माळ्यावर राहिला आणि नागपूरचा मे तुला माहीत आहे. सीडीतला रंगाचा थर उष्णतेने बिघडतो. आमची तिसरी आणि सहावी गेलेली. वर्ध्याची पहिली, पाचवी आणि सहावी. "फेकून द्या ना बाबा, दोन्ही खराबच आहेत," असं तू म्हणालीस. पण खराब वेगवेगळ्या जागी होत्या ना! तिसरा तुकडा वर्ध्याचा घेतला, पहिला-पाचवा आपला, बाकीचे ज्याचे नीट वाचले त्याचे. सहाही खुणा वहीशी जुळल्या.

अडकलो सहाव्यावर. तिथे डीडीरेस्क्यू नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर कामी आलं. ते डिस्क 2048 बाइटच्या छोट्या कप्प्यांनी, म्हणजे सेक्टरांनी, वाचतं, न वाचलेले सोडून पुढे जातं आणि काय राहिलं त्याचा नकाशा फाइलमध्ये ठेवतं. नंतर दुसरी प्रत घालून तोच नकाशा दिला की फक्त राहिलेल्या जागा भरतं. आपल्या सीडीनंतर नऊ हजारांवर सेक्टर रिकामे होते. वर्ध्याची घातली, सातशे उरले. आत्याकडेही याच कार्यक्रमाची फाइल आहे, पण ती मोबाइलसाठी लहान केलेली. तिचे बाइटच वेगळे, त्यामुळे ठिगळ म्हणून ती बसत नाही. दोन्ही संच एकाच फाइलचे होते म्हणूनच हे जमलं.

मग आठवलं की मूळ डीव्हीडी आहेच की. सहावा तुकडा 3,500 एमबीपासून सुरू होतो. एका एमबीत 512 सेक्टर, म्हणजे डिस्कवर 17,92,000 क्रमांकापासून पुढे. सगळी डिस्क कशाला वाचायची, राहिलेले सातशेच मागायचे. आपल्या ड्राइव्हने एकही दिला नाही. शेजारच्यांच्या भंगारात निघालेल्या जुन्या ड्राइव्हने मात्र रात्रभर कुरकुरत पावणेपाचशेच्या वर दिले. ड्राइव्हा-ड्राइव्हाची नजर वेगळी असते बापा. आई दोनदा उठून विचारून गेली, "झोपता का नाही?"

शेवटी 212 सेक्टर राहिले, ते राहिलेच. 424 केबी. सहाव्या तुकड्याची खूण वहीशी जुळत नाही, हे सांगून ठेवतो. वेळेच्या हिशेबाने ते सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा, पण व्हिडिओत पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदाने एकदा येतं आणि मधल्या चित्रांत नुसते बदल असतात. म्हणून पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत पडद्यावर चौकटी चौकटी दिसतात आणि आवाजही तुटतो.

पेनड्राइव्ह पार्सलमधून येतो आहे, संत्रा बर्फीच्या डब्याखाली. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला आहे. फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि पुन्हा तुकडे करायची माझी तयारी नाही. आल्यावर आधी त्याची एक प्रत काढ, मग बघ.

त्या चौकटी नेमक्या बावन्नाव्या मिनिटाला आहेत. आबा तुझ्या नंदीसमोर वाकून बोजाऱ्याचे पैसे देतात आणि म्हणतात, "घे माय, हे तुझे..." पुढचा आकडा गेला. तुझी मूठ लगेच मिटलेली, त्यामुळे चित्रातूनही कळत नाही. आई म्हणते अकरा रुपये. मी म्हणतो एकवीस. चार दिवस झाले, हाच वाद चालू आहे. पैसे तू घेतले होतेस, तर तूच सांग.

तुझा,
बाबा