सौदा छापलात, खेळाडूंचा हिशेब राहिला

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या क्रीडा पुरवणीत ‘एबीए’ या अमेरिकेतल्या जुन्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगवर पानभर लेख आला. तिच्या शेवटच्या, म्हणजे १९७५-७६ च्या हंगामाला ५० वर्षे झाली, हे निमित्त. आमच्याकडे क्रीडा पान म्हणजे क्रिकेट, आणि थंडीच्या दिवसांत थोडी कबड्डी. त्या पानावर हा विषय पाहून राजापूरच्या एस.टी. स्टँडवर उभ्या उभ्याच मी तो वाचून काढला. लेखकाचे मनापासून आभार.

पण घरी येऊन पुन्हा वाचला तेव्हा वाईट वाटले. पानाच्या मधोमध चौकट आहे ती सेंट लुईस संघाचे मालक सिल्ना बंधू यांची, त्यांनी केलेल्या कराराची आणि त्यातून मिळालेल्या कोट्यवधी डॉलरची. मथळ्यातही त्यांचीच वाहवा. खेळाडूंबद्दल अगदी शेवटी एवढेच, की लीग बुडाली आणि ‘काहींचे नुकसान झाले’. त्या ‘काहीं’विषयी मला लिहायचे आहे.

मी मूळचा राजापूर तालुक्यातला, पण वाढलो लालबागच्या चाळीत. वडील गिरणीत साचेखात्यात होते. शाळेतल्या खेळाच्या सरांमुळे मला नागपाड्याची वाट कळली. तिथे बास्केटबॉल पोरांच्या रक्तात होता. १९७६ च्या पावसाळ्यात तिथल्या एका मुलाने अमेरिकन मासिकाची जुनी प्रत आणली. तिच्यात एबीएतल्या ज्युलियस अर्व्हिंग या खेळाडूचा फोटो होता. सोललेला नारळ धरावा तसा चेंडू एका पंजात धरलेला, आणि पाय जमिनीपासून इतके वर की खाली सगळे कोर्ट दिसावे. आम्ही चौघे-पाचजण तो फोटो आळीपाळीने घरी नेत असू. त्या फोटोतली लीग तोवर संपलेली होती, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले.

ती संपली कशी, हे लेखात एका वाक्यात उरकले आहे. १९७५ च्या हंगामाआधीच बाल्टिमोरचा संघ मोडला. सरावाचे तीन सामने, की झाले. नोव्हेंबरात सॅन डिएगो सेल्स ११ सामने खेळून बंद. डिसेंबर उजाडताच युटा स्टार्स १६ सामन्यांनंतर बंद. मोझेस मलोन नावाचा पोरगा आदल्याच वर्षी कॉलेजात न जाता हायस्कूलमधून थेट या युटाच्या संघात आला होता. त्याला सेंट लुईसला हलवले. तो पुढे फार मोठा झाला. पण सकाळी सरावाला जायचे आणि संघच नाही असे ऐकायचे, हे त्याच्याबरोबरच्या सगळ्यांच्या वाट्याला आले, आणि त्यांच्यातले सगळे काही मोझेस मलोन नव्हते. राहिलेल्या सात संघांनी हंगाम पुरा केला. व्हर्जिनियाचा संघ तर ८३ सामन्यांतले ६८ हरला, तरी मैदानात उतरत राहिला. शेवटी मे महिन्यात पैशाअभावी त्यानेही मान टाकली. एनबीए या अमेरिकेतल्या दुसऱ्या, मोठ्या लीगशी होणारे विलीनीकरण जेमतेम महिनाभरावर आले होते.

आणि अशा हंगामात खेळ कसा झाला, तो पाहा. २७ जानेवारी १९७६ ला डेन्व्हरमध्ये ऑल-स्टार सामन्याच्या मध्यंतरात डंकची, म्हणजे उंच उडून चेंडू वरून रिंगमध्ये घालण्याची स्पर्धा ठेवली. बास्केटबॉलच्या इतिहासातली ती पहिलीच. प्रेक्षक यावेत म्हणून काढलेली शक्कल होती, हे खरे. अर्टिस गिलमोर, जॉर्ज गर्व्हिन, लॅरी केनन, डेव्हिड थॉम्प्सन आणि अर्व्हिंग असे पाच जण होते. अर्व्हिंग फ्री थ्रोच्या रेषेपासून उलटा पावले मोजत लांब गेला, वळला, धावत आला, रेषेजवळ उडाला तो चेंडू रिंगमध्ये घालूनच उतरला. शिकवत असताना मी दरवर्षी आठवीच्या मुलांना फ्री थ्रो रेषेवर उभे करून सांगत असे, की इथून रिंगपर्यंत हवेतून जायचे आहे. मुले रेषेकडे बघत, मग रिंगकडे, मग माझ्याकडे. एकही मूल हसत नसे.

अंतिम मालिका डेन्व्हर नगेट्स आणि न्यूयॉर्क नेट्स यांच्यात झाली. हंगामात ६० सामने जिंकलेला डेन्व्हर वरचढ होता. पहिल्याच सामन्यात डेन्व्हरच्या घरी अर्व्हिंगने ४५ गुण केले आणि शेवटच्या क्षणी बास्केट करून १२०-११८ असा सामना काढला. १३ मेच्या सहाव्या सामन्यात नेट्स तिसऱ्या सत्रात २२ गुणांनी मागे होते. डेव्हिड थॉम्प्सनने डेन्व्हरकडून ४२ गुण केले होते. तिथून नेट्सने सामना ११२-१०६ असा फिरवला. अर्व्हिंगचे ३१ गुण आणि १९ रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेले चेंडू त्याने १९ वेळा पकडले. त्या रात्री कोर्टवर असलेल्या कितीतरी जणांना उद्या आपल्याला संघ असेल की नाही हे ठाऊक नव्हते, आणि तरी २२ गुणांची पिछाडी भरून काढणारी माणसे तिथे होती. आपल्या पानभर लेखात हा सामना चार ओळींत आहे.

महिनाभराने, १७ जून १९७६ ला करार झाला. नगेट्स, नेट्स, इंडियाना पेसर्स आणि सॅन अँटोनिओ स्पर्स हे चार संघ प्रत्येकी ३२ लाख डॉलर भरून एनबीएत गेले. आदल्याच वर्षी विजेता ठरलेल्या केंटकीच्या मालकाने ३० लाख डॉलर घेऊन संघ मिटवला. सेंट लुईसच्या सिल्ना बंधूंनी २२ लाख डॉलर घेतले आणि शिवाय आत गेलेल्या चारही संघांच्या टीव्हीच्या उत्पन्नातला सातवा हिस्सा मागितला, तोही कायमचा. तेव्हा टीव्हीचे उत्पन्न किरकोळ होते, म्हणून सगळ्यांनी सही केली. पुढे त्या हिश्श्याचे सुमारे ३० कोटी डॉलर झाले, आणि २०१४ मध्ये त्यावर बहुतांश पाणी सोडण्यासाठी आणखी ५० कोटी डॉलर मोजले गेले. इथपर्यंत आपला लेख बरोबर आहे. सिल्ना बंधूंनी कोणाला फसवले नाही, कागदावर होते तेच घेतले. माझे म्हणणे त्यांच्याविरुद्ध नाही.

माझे म्हणणे असे, की त्याच वेळी दुसरा एक कागद कोणी नीट केला नाही. एबीएत खेळलेल्या ज्या खेळाडूंना पुढे एनबीएच्या पेन्शनमध्ये बसता आले नाही, त्यांची वर्षे कोणाच्याच वहीत धरली गेली नाहीत. गुडघे गेलेले, दात पडलेले, घरभाडे थकलेले असे हे लोक साठी-सत्तरी ओलांडून गेले. इंडियानापोलिसच्या ‘ड्रॉपिंग डाइम्स’ नावाच्या संस्थेने त्यांना औषधपाण्याला, भाड्याला मदत केली आणि त्यांच्या पेन्शनचा पाठपुरावाही केला. अखेर जुलै २०२२ मध्ये एनबीए आणि खेळाडूंच्या संघटनेने मिळून सुमारे ११५ खेळाडूंसाठी २ कोटी ४५ लाख डॉलर मंजूर केले. खेळलेल्या प्रत्येक वर्षामागे वर्षाला सरासरी ३,८२८ डॉलर. विलीनीकरणाला तेव्हा ४६ वर्षे झाली होती. कितीतरी जण त्याआधीच गेले. दोन भावांना २०१४ मध्ये एकरकमी मिळाले त्याचा साधारण विसावा हिस्सा ११५ जणांत, आणि तोही आठ वर्षे उशिरा. आपल्या लेखात २०१४ आहे, २०२२ नाही.

मला हे इतके का लागले, तेही सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा माझ्या वडिलांची साचेखात्यात २६ वर्षे झाली होती. संप कधी संपला हे आमच्या घराने कधी ऐकले नाही. आईने भांडी बांधली आणि आम्ही गावी आलो. वडिलांच्या थकलेल्या रकमेचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. वडील १९९६ मध्ये गेले, आणि काही रक्कम आली ती २००३ मध्ये, आईच्या नावावर. बँकेच्या खिडकीशी तिचा अंगठा मीच धरला होता. गिरणीच्या जागेवर आता काय उभे आहे आणि ती जागा केवढ्याला गेली, हे मुंबईचे पेपर सांगतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घराघरांत असा एक कागद आहे. म्हणून दूर अमेरिकेतल्या लीगचा हिशेब वाचतानाही माझे बोट आधी कामगाराच्या रकान्यावर जाते. खेळाडू हाही अंगमेहनतीचा कामगारच.

आणखी एक. ‘बुडालेली लीग’ हा शब्द लेखात चार वेळा आला आहे. १९८४ मध्ये फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, तीन गुणांची रेषा, म्हणजे जिच्याबाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात ती, नियमात घेतली. ती बातमी माझ्यापर्यंत पोहोचायला वर्ष लागले. तोवर मी इथल्या हायस्कूलला क्रीडाशिक्षक म्हणून लागलो होतो. सड्यावरचा कातळ सपाट करून आम्ही कोर्ट केले होते, बोर्ड होडीच्या उरलेल्या फळ्यांचा आणि रिंग लोहाराने वळलेली. सुंभाची ६.२५ मीटर दोरी मापून घेतली, रिंगच्या बरोबर खाली एका मुलाला टोक धरून बसवले आणि दुसऱ्या टोकाला चुन्याची मूठ घेऊन मी अर्धगोल फिरलो. दर पावसाळ्यात ती रेषा धुऊन जाई. गणपतीत चाकरमानी आले की त्यांच्याआधी रेषा हवी, म्हणून ऑगस्टच्या उघडीपीत आम्ही ती पुन्हा मारत असू. २०१० मध्ये अंतर ६.७५ झाले तेव्हा दोरीला अर्ध्या मीटरचा नवा तुकडा जोडला. ती गाठलेली दोरी अजून माझ्याकडे आहे.

ही रेषा अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये पहिल्यांदा आली ती १९६१ मध्ये, एबीएल नावाच्या लीगमध्ये. तीही दीड वर्षात मिटली. मग १९६७ पासून नऊ हंगाम एबीएने ती चालवली, लोकांना तिची गोडी लावली. एनबीएने ती घेतली १९७९ मध्ये. आज आमची मुले मोबाईलवर एनबीएतल्या स्टेफन करीचे दुरून टाकलेले बास्केट बघून सड्यावर तेच करायला जातात. ती रेषा आमच्या कातळावर ज्या लीगमुळे आली, तिला मी बुडालेली कसे म्हणू? मालकांच्या वहीत बुडाली असेल.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या एखाद्या रविवारी अर्धे पान द्यावे आणि त्यात २०२२ चा निर्णय, त्यासाठी झालेली धडपड आणि त्या ११५ जणांपैकी दोघा-चौघांची तरी कारकीर्द द्यावी. कोण कुठल्या संघात किती वर्षे होता, पुढे पोटासाठी काय केले, हे सगळे अमेरिकन वृत्तपत्रांत आले आहे. आपल्या लेखकाने खेळाडूंसाठीही तेवढीच मेहनत घेतली तर ते सहज जमेल. तालुक्यातल्या शाळांच्या फलकांवर ते कात्रण लावण्याची जबाबदारी मी घेतो.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखासोबतच्या चित्रात अर्व्हिंगच्या हातातला चेंडू नारिंगी रंगवला आहे. एबीएचा चेंडू लाल, पांढरा आणि निळा असा तीन रंगी होता. लीगचे पहिले आयुक्त, म्हणजे प्रमुख, जॉर्ज मायकन यांनी तो मुद्दाम निवडला, कारण लांबच्या बाकावरून आणि टीव्हीवर तपकिरी चेंडू नीट दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तो फिरत जाताना रंग एकमेकांत मिसळत. १९७६ मध्ये नागपाड्यात आम्ही एका जुन्या चेंडूला ऑइल पेंटने तसे पट्टे मारले होते. रंग वाळेपर्यंत दोन दिवस कोणी त्याला हात लावला नाही. पुढच्या वेळी चित्रात तेवढे तीन रंग यावेत.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
ता. राजापूर, जि. रत्नागिरी